यंत्राने माणसाकडे जावे

आमच्या बार्शीत एक्स-रेला अजूनही 'फोटो' म्हणतात. "डॉक्टर, म्हातारीचा फोटो काढावा लागेल का?" या प्रश्नाला आणखी खुलासा लागत नाही. पण या फोटोसाठी जायचे असते ते म्हातारीनेच. न्हाणीत पाय घसरून पडलेली, खुबा दुखावलेली ऐंशीची बाई चौघांनी घोंगडीत घालून उचलायची, जीपमध्ये आडवी करायची आणि वैराग नाहीतर पांगरीकडून बार्शीला आणायची. मोडलेल्या हाडाला वाटेतला प्रत्येक खड्डा कळतो. इस्पितळातही हाल संपत नाहीत. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या टेबलावर आणि पुन्हा परत.

गेले काही महिने आम्ही चार-पाच डॉक्टर मंडळी फिरते एक्स-रे यंत्र घेण्याचा विचार करीत आहोत. विक्रेते येतात, गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके ठेवून जातात. माझे मत सांगतो. यंत्र जरूर घ्यावे, पण ते कोणासाठी, हे ठरविल्यावाचून घेऊ नये.

यंत्राने रोग्याकडे जावे ही कल्पना काही आजची नाही. राँटगेन यांना 1895 साली या किरणांचा शोध लागला आणि त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा मेरी क्युरी यांनी मोटारीत एक्स-रेची सामग्री बसवली, मोटारीच्या इंजिनावर डायनामो चालवला आणि त्या आघाडीजवळच्या जखमींपर्यंत गेल्या. सोबतीला त्यांची किशोरवयीन मुलगी इरेन होती. जखमी सैनिकाला पॅरिसला हलवण्यापेक्षा यंत्र हलवणे सोपे, इतका साधा तो हिशेब होता.

आता आमचा हिशेब. बाजारात एक यंत्र हातात उचलून नेण्याजोगे असते आणि दुसरे चाकांवर ढकलत न्यायचे. पहिल्याचा मोह पडतो. पण खुब्यासारख्या जाड भागाच्या फोटोला साधारण तीस एमएएस लागतात असे धरा. साठ मिलिअँपिअरच्या लहान यंत्राला त्यासाठी अर्धा सेकंद हवा, तीनशेच्या यंत्राला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. वेदनेने थरथरणारी म्हातारी अर्धा सेकंदही स्थिर राहत नाही. फोटो हलतो, पुन्हा काढावा लागतो, म्हणजे किरणही पुन्हा. हात, पाय, छाती एवढेच काम असेल तर लहान यंत्र पुरेल. खुबा आणि कंबर पाहायची असेल तर वजन सोसावे.

दुसरा प्रश्न विजेचा. थेट विजेवर चालणारे यंत्र फोटोच्या क्षणी भसकन वीज ओढते. उन्हाळ्यात आमच्याकडे पंखासुद्धा दमल्यासारखा फिरतो, त्या वायरिंगवर ते यंत्र काय करणार? म्हणून बॅटरीवर चालणारे बरे, पण बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागते आणि तिला काय पडते, हे आधीच कागदावर घ्यावे. तिसरा प्रश्न डिजिटल पॅनेलचा. अंधारी खोली, डेव्हलपर, फिक्सर ही दगदग त्याने संपवली हे खरे. पण ते हातातून पडले की यंत्राच्या किमतीचा मोठा भाग जमिनीवर पडला असे समजावे. त्याची हमी वेगळी मागावी. आणि बिघाड झाला तर पुण्याहून माणूस किती दिवसांत येणार, हे विक्रेत्याला नव्हे, त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारावे.

या किरणांना रंग नाही, वास नाही, म्हणून त्यांचा धाक वाटत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्यता दिलेलेच मॉडेल घ्यावे, चालवण्याचा परवाना घ्यावा, हाताशी प्रशिक्षित तंत्रज्ञ असावा आणि त्याच्या अंगावर शिशाचा अॅप्रन व किरण मोजणारा बॅज असावा. यंत्र घरोघरी न्यायचे असेल तर ते परवान्यात बसते का, हे लेखी समजून घ्यावे. घरच्यांनीही एक लक्षात ठेवावे. अंतर दुप्पट केले की किरण चौथ्या हिश्श्यावर येतात. तेव्हा फोटो काढताना नातवंडे आणि गरोदर सुनेने खोलीबाहेर जावे. कौतुकाने दारात उभे राहू नये.

क्षयरोगाच्या कामात हातात मावणारी एक्स-रे यंत्रे आता गावोगाव फिरू लागली आहेत; डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत त्यांचा वापर झाला. खोकला नसलेल्याच्या छातीतही क्षय सापडतो, तो या फोटोमुळेच. पण ते काम छातीचे. त्यावरून हेच यंत्र खुब्यालाही चालेल असे मानणे चूक.

सगळ्यात मोठी भीती मला हप्त्याची वाटते. एकट्या डॉक्टरने कर्ज काढून यंत्र घेतले की दर महिन्याला बँक दारात उभी राहते, आणि मग मुरगळलेल्या बोटाचाही फोटो निघू लागतो. यात कोणी दुष्ट असतो असे नाही. हप्ता माणसाच्या नकळत त्याचा हात धरतो. म्हणून मी म्हणतो, एका इस्पितळाच्या नावे परवाना आणि जबाबदारी असावी, खर्च सर्वांनी वाटून घ्यावा आणि यंत्र निघावे ते हलवता न येणाऱ्या रोग्यासाठीच. चालता येणाऱ्याने चालत यावे.

बार्शीला हे नवे नाही. 1897 साली येथे कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी रेल्वे आली. ती हलकी होती, पण तकलादू नव्हती. दर आसावर पाच टनांचे गणित मांडून या मुलखाला झेपेल अशी ती बांधली होती. 1987 पासून बार्शी, परांडा, भूम भागात कर्करोगाची नोंदणी चालू झाली, ती इस्पितळात बसून नव्हे. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत राहिले. मुलखाला झेपेल असे साधन घ्यावे आणि ते घेऊन लोकांपर्यंत जावे, हे दोन्ही धडे याच मातीतले आहेत.

माहितीपत्रकातले चकचकीत यंत्र पाहून निर्णय घेऊ नये. आपल्या तालुक्यातल्या खाटा मोजाव्यात, ज्यांवरून उठता येत नाही अशी माणसे मोजावीत आणि मग किंमत विचारावी.