छंद-विवेक : एका इंचाची कादंबरी

काचेच्या कपाटात बारा इंच उंचीचा एक चिलखतधारी योद्धा उभा असतो. मुद्रा कठोर, डाव्या हातात ढाल. उजव्या हातात मात्र तलवारीऐवजी जेमतेम एक इंचाचे पुस्तक असते. मुखपृष्ठावर वादळी समुद्र, वाऱ्यावर उडणारे केस, दूर टेकडीवर एक गढी आणि सोनेरी वळणदार अक्षरांत नाव, ‘बंदरावरची संध्याकाळ’. ज्याच्या नावाने शत्रूचा थरकाप व्हावा तो वीर एकांतात प्रेमकथा वाचतो, एवढाच त्यातला विनोद. अमेरिका आणि ब्रिटनमधील बाहुल्यांचे व लघुमूर्तींचे संग्राहक अशी पुस्तके हौसेने तयार करतात. प्रेमकादंबऱ्यांच्या भडक मुखपृष्ठांचे विडंबन करायचे आणि ते आपल्या संग्रहातील मूर्तीच्या हातात शोभेल एवढ्या मापात उतरवायचे, असा हा छंद आहे.

आपल्या घरांतील तरुण मुलामुलींच्या हातीही आता अशा लघुमूर्ती दिसू लागल्या आहेत. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात दोन शंका येणे स्वाभाविक आहे. हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय नव्हे काय, ही पहिली. शृंगाराशी खेळणारी ही थट्टा श्रावकाच्या घरात शोभते काय, ही दुसरी. या शंकांना जुनाट म्हणून बाजूला सारता येत नाही. श्रावकाच्या गुणव्रतांमध्ये अनर्थदंडविरमण आहे. निष्प्रयोजन पापापासून दूर राहण्याच्या या व्रताचे जे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले, त्यांतील पहिला ‘कंदर्प’, म्हणजे रागभावाने केलेली असभ्य थट्टा. आणि शेवटचा, गरजेपेक्षा अधिक उपभोगसामग्री जमविणे. या छंदातून जे दोन दोष संभवतात ते दोन्ही त्या जुन्या यादीत आधीच बसलेले आहेत. म्हणून छंदावर सरसकट बंदी घालण्यापूर्वी किंवा त्याला सरसकट मोकळीक देण्यापूर्वी तो नेमका काय आहे, हे समजून घेणे इष्ट.

ज्या मुखपृष्ठांची थट्टा होते त्यांना स्वतःचा इतिहास आहे. लंडनची ‘मिल्स अँड बून’ ही प्रकाशनसंस्था १९०८ साली स्थापन झाली. आरंभी ती सर्व प्रकारची पुस्तके काढीत असे. प्रेमकादंबऱ्या हीच तिची ओळख झाली ती १९३०च्या दशकात. कॅनडातील विनिपेग येथे १९४९ साली सुरू झालेल्या ‘हार्लेक्विन’ने तिची पुस्तके १९५७ पासून छापली आणि १९७१ साली ती संस्थाच विकत घेतली. भारतातील फिरत्या वाचनालयांतही या छोट्या पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम केला. १९७० नंतर अमेरिकेत ऐतिहासिक पार्श्वभूमीच्या जाड प्रेमकादंबऱ्यांची लाट आली आणि तिच्याबरोबर मुखपृष्ठाचा एक साचा रूढ झाला : मिठीतले युगुल, मोकळे केस, कडाडणारी वीज, घोडा किंवा जहाज, उठावाची सोनेरी अक्षरे आणि पुष्कळदा पुस्तकाच्या नावापेक्षा मोठे लेखिकेचे नाव. फाबिओ लान्झोनी या इटालियन प्रतिरूपकाचा चेहरा तर अशा शेकडो मुखपृष्ठांवर झळकला.

हा साचा व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्याजोगा आहे. ते मुखपृष्ठ म्हणजे दुकानाची पाटी होय. दुरून येणाऱ्या वाचकाला ते क्षणात सांगते की येथे कोणता माल मिळेल आणि शेवट सुखाचाच होईल. सुखान्त हा या कादंबऱ्यांचा वाचकाशी झालेला अलिखित करार आहे. विडंबनकाराला ही पाटी अक्षर न् अक्षर वाचावी लागते. वीज कोठे चमकते, नायक कोणत्या बाजूला झुकतो, अक्षरांचे वळण कसे लांबते, हे ज्याने बारकाईने पाहिले नाही त्याचे विडंबन फसते. चांगली नक्कल करणारा आधी चांगला निरीक्षक असावा लागतो.

यानंतर मापाचा प्रश्न येतो, आणि छंदाची खरी शिस्त येथेच सुरू होते. १९५९ साली बाजारात आलेली बार्बी ही बाहुली साडेअकरा इंचांची. १९६४ चा ‘जी. आय. जो’ हा सैनिक सुमारे बारा इंचांचा. मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून त्याच्या उत्पादकांनी ‘अॅक्शन फिगर’ हा नवा शब्द रूढ केला. या दोघांचे प्रमाण साधारण एकास सहा. १९७८ पासून आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या पावणेचार इंची मूर्तींचे प्रमाण सुमारे एकास अठरा. कागदी बांधणीची प्रेमकादंबरी सुमारे ११ सेंटिमीटर रुंद, १७ सेंटिमीटर उंच आणि अडीच सेंटिमीटर जाड धरली, तर एकास सहा प्रमाणात ती १८ मिलिमीटर रुंद, २८ मिलिमीटर उंच आणि ४ मिलिमीटर जाड होते. एकास अठरा प्रमाणात तीच रुंदीला ६ आणि उंचीला ९ मिलिमीटर उरते; तेथे अक्षर वाचले जात नाही, केवळ रंगांचा ठिपका ओळखू येतो. ज्या मूर्तींचे डोके मुद्दाम अवाढव्य घडविलेले असते, त्यांना कोणतेच प्रमाण लागू पडत नाही. तेथे मूर्तीचा हात मोजून पुस्तक बेतावे लागते.

दोन्ही बाजूंची पाने आणि कणा मिळून एक मुखपृष्ठ ४० मिलिमीटर लांब व २८ मिलिमीटर उंच होते. कडेची जागा आणि मधली फट सोडूनही ए-फोर आकाराच्या एका कागदावर अशी ३६ मुखपृष्ठे बसतात. म्हणजे एका रंगीत छपाईच्या खर्चात अख्ख्या वाचनालयाची सोय होते.

चित्र मोठ्या आकारात काढून लहान करण्याची रीत सोपी आहे, परंतु तिच्यात एक फसगत असते. संगणकाच्या पडद्यावर देखणे दिसणारे बारकावे २८ मिलिमीटरमध्ये चिखल होतात. म्हणून रंग तीन-चारच घ्यावेत, उजेड-अंधाराचा भेद ठळक ठेवावा, पुस्तकाचे नाव दोन-तीन शब्दांत आटोपावे आणि गुंतागुंतीच्या गढीऐवजी तिची केवळ बाह्यरेषा द्यावी. दुमडण्यापूर्वी बोथट सुईने घडीची रेघ दाबून घ्यावी. कापल्यावर कागदाची पांढरी कड उघडी पडते; तिच्यावर त्याच रंगाच्या स्केचपेनचा हात फिरवावा. आत खरी पाने हवी असतील तर नेहमीच्या छपाईचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे ४ मिलिमीटरसाठी चाळीसेक पाने लागतात. कागद ज्या दिशेने सहज वळतो ती दिशा कण्याला समांतर ठेवावी. अन्यथा एवढे लहान पुस्तक उघडलेले राहत नाही.

साहित्याच्या निवडीत श्रावकाच्या घराला आणखी थोडी दक्षता हवी. बांधणीचा जुना सरस प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतो. त्याऐवजी पांढरा कृत्रिम डिंक किंवा घरची गव्हाची खळ पुरते. सूक्ष्म रंगकामाचे पारंपरिक कुंचले खारीच्या वा अन्य प्राण्यांच्या केसांचे असतात. नायलॉनचे कुंचले आता तितकेच टोकदार मिळतात. पारंपरिक छायाचित्र-कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो टाळावा. चामड्याच्या बांधणीचा भास तपकिरी कागद चुरगळून, पुन्हा सपाट करूनही साधतो. दक्षतेने छंदाचे काही उणे होत नाही. उलट हातातील प्रत्येक वस्तू कोठून आली हे विचारण्याची सवय लागते.

लहान जागेत सुंदर काम करणे जैन परंपरेला परके नाही. ताडपत्राच्या अरुंद पट्टीवरील चौकोनात चित्रकारांनी प्रसंग रंगविले, आणि पोथीचे रक्षण करणाऱ्या लाकडी पाटल्याही चित्रांनी सजविल्या. जैसलमेरच्या ज्ञानभांडारातील बाराव्या शतकातील पाटल्या प्रसिद्ध आहेत. ही तुलना हस्तकौशल्यापुरतीच आहे. पाटलीमागे श्रुतभक्ती होती, येथे केवळ करमणूक आहे. आणि धर्मग्रंथ, मुनी किंवा तीर्थ यांना कोणत्याही विडंबनात स्थान असू नये, हे निराळे सांगावयास नको.

आता थट्टेविषयी. जैन कर्मसिद्धान्तात हास्याची गणना नऊ नोकषायांत होते. म्हणजे हसू हे अगदी निर्दोष नसते. ते कोणाला लागते, कोणत्या भावाने येते, हे पाहावे लागते. प्रेमकादंबऱ्यांच्या विडंबनात दोन घसरणी आहेत. एक म्हणजे अश्लीलता : साच्यातील शृंगार अधिक भडक केला की विनोद झाला, असा समज. हाच तो कंदर्प. दुसरी घसरण कमी दिसते पण अधिक बोचते. या कादंबऱ्या बहुतांशी स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिल्या आहेत. दिवसभराच्या कामानंतर तासभर त्यांत रमणाऱ्या वाचक स्त्रीची टिंगल करणे सोपे असते, आणि घरातील आजी किंवा काकू ती टिंगल मुकाट्याने ऐकून घेते.

या दोन्ही घसरणींपासून दूर राहिलेले एक उदाहरण सुदैवाने उपलब्ध आहे. ब्रिटनच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात एक बाहुलीघर बांधले गेले. त्याचे रचनाकार एडविन लट्येन्स, ज्यांच्या नावाने आजही नव्या दिल्लीचा एक भाग ओळखला जातो. प्रमाण एकास बारा. आज विंडसर किल्ल्यात असलेल्या या घराच्या वाचनालयासाठी तत्कालीन नामवंत लेखकांनी चिमुकली पुस्तके लिहून दिली. आर्थर कॉनन डॉयल यांनी त्यासाठी शेरलॉक होम्सची एक छोटी कथा लिहिली. तिच्यात डॉक्टर वॉटसन होम्सच्या थाटात अनुमाने बांधू पाहतो आणि त्याचे प्रत्येक अनुमान चुकते. बाहुलीच्या मापाच्या पुस्तकातील हे विडंबन होते, आणि लेखकाने थट्टेसाठी निवडले होते ते स्वतःचेच सर्वांत यशस्वी लेखन. ज्या वस्तूवर आपले प्रेम आहे आणि जिच्यात आपणही सामील आहोत तिचीच थट्टा करावी, हा धडा त्या छोट्या पुस्तकात आहे.

त्या न्यायाने व्यापारी घरातील मुलाने ‘उधारीचे हृदय’ अशी कादंबरी रचावी. मुखपृष्ठावर वादळात फडफडणारी चोपडी, समईच्या उजेडात लाजणारी तिजोरी आणि खाली ओळ, ‘मुद्दल परत आले, व्याज राहिले!’ किंवा ‘नफ्याची वाट’, ज्यात तराजूची दोन पारडी शेवटी समपातळीत येतात. अशा पुस्तकाला गादीवरचे आजोबाही हसतील, आणि हसताना त्यांना कोणाचे ऐकून घेतल्यासारखे वाटणार नाही.

हौसेतून विक्री सुरू करण्याचा विचार आपल्या घरांत लवकर येतो. म्हणून कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली एका गाण्याच्या विडंबनाविषयी निर्णय देताना, विडंबन विक्रीसाठी असले तरी ते न्याय्य वापर ठरू शकते, असे मान्य केले. मात्र त्या विडंबनाने मूळ कृतीवर काही भाष्य केलेले असावे, ही दृष्टी ठेवली. बार्बीला स्वयंपाकघरातील यंत्रांत घालून छायाचित्रे काढणाऱ्या एका कलावंताच्या बाजूनेही तेथील अपील न्यायालयाने २००३ साली निर्णय दिला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ टीका व समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा देते. त्यात ‘विडंबन’ असा शब्द नाही. तेव्हा साच्याची नक्कल करावी, परंतु एखाद्या चित्रकाराचे प्रत्यक्ष चित्र उतरवून, केवळ लहान करून विकू नये. प्रकाशनसंस्थेचे बोधचिन्हही वापरू नये. कायदा काहीही म्हणो, न दिलेले घेणे ही अदत्तादानाच्या सीमेवरची गोष्ट आहे, आणि तेथे मापाचा लहानपणा बचाव ठरत नाही.

राहिला संग्रहाचा प्रश्न. शास्त्राने परिग्रह वस्तूंच्या मोजणीत नव्हे, तर मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत, पाहिला; तरीही गृहस्थासाठी मोजणीचा उपाय सुचविला, तोच परिग्रह-परिमाण. लघुमूर्तींचा बाजार मर्यादित आवृत्त्यांवर आणि ‘संच अपुरा आहे’ या हुरहुरीवर चालतो. मालाची टंचाई दाखवून भाव कसा चढवितात हे व्यापाऱ्याच्या मुलाला कोणी शिकवावे लागू नये. पण ग्राहक झाल्यावर तेही विसरले जाते. कागदाचे मुखपृष्ठ करणाऱ्याला मात्र नवी मूर्ती घेण्याची घाई उरत नाही. आहे त्याच मूर्तीला नवे पुस्तक दिले की ती नवी होते. विकत घेण्याची ओढ करण्याच्या आनंदात वळविणे, हा या छंदाचा सर्वांत मोठा गुण होय.

म्हणून ज्या घरात हा छंद शिरला असेल तेथे आई-वडिलांनी मुलांबरोबर बसून तीन मर्यादा ठरवाव्यात. मूर्तींची संख्या वर्षारंभी वहीत लिहावी, आणि नवी एक आली तर जुनी एक दुसऱ्या मुलाच्या हाती जावी. मुखपृष्ठ असे असावे की ते जेवणाच्या वेळी सर्वांसमोर ठेवता येईल. आणि ज्याच्यावर विनोद केला त्याला ते पुस्तक आधी दाखवावे. तो हसला तरच ते कपाटात जावे.