राजाची पूर्वकथा आणि रानाची पूर्वकथा

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे चिन्ह कोरलेले आहे. जटपुरा दरवाजाखालून रोज शाळेला जाणाऱ्या मुलाला सिंह हा प्राणी त्यामुळे परका वाटत नाही, जरी भोवतालच्या रानात राज्य वाघाचे असले तरी. याच मुलांच्या आणि त्यांच्या तरुण आईबापांच्या मनात गेल्या तीस वर्षांत आणखी एका सिंहाने घर केले आहे. १९९४ साली अमेरिकेतील डिस्ने कंपनीने काढलेल्या 'द लायन किंग' या ॲनिमेशनपटातील मुफासा नावाच्या राजाविषयी मी बोलत आहे. या चित्रपटाची पूर्वकथा, म्हणजे मुफासा राजा कसा झाला याची कथा, पडद्यावर येणार असल्याचे २०२० साली जाहीर झाले. एप्रिल २०२४ मध्ये तिची पहिली झलक दाखवण्यात आली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. झलक आणि प्रदर्शन यांमधल्या आठ महिन्यांत या कथेच्या चाहत्यांनी जगभर जो वाद घातला, त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

श्रमिकांच्या प्रश्नांना वाहिलेल्या साप्ताहिकाने कार्टूनमधल्या सिंहासाठी जागा का खर्ची घालावी, असा प्रश्न काही वाचकमित्र विचारतील. त्यांना माझे नम्र उत्तर असे की, माणसे कोणत्या कथांवर प्रेम करतात आणि त्या कथांत कोणी हात घातला म्हणजे का चिडतात, हे ज्या चळवळीला कळत नाही तिला माणसेही पुरती कळत नाहीत. साने गुरुजींनी मुलांना गोष्टी सांगणे हे राजकारणापेक्षा कमी प्रतीचे काम मानले नव्हते.

चाहत्यांचे आक्षेप प्रामुख्याने तीन होते. पहिला आक्षेप रूपाविषयीचा. मूळ चित्रपट हाताने काढलेल्या रेखांचा होता आणि त्यातील सिंहाच्या भुवईच्या एका वळणातून बापाची माया किंवा भावाचा मत्सर दिसत असे. २०१९ साली त्याच कथेची संगणकावर केलेली, खऱ्या प्राण्यांसारखी दिसणारी आवृत्ती निघाली आणि नवी पूर्वकथाही त्याच पद्धतीची होती. खऱ्यासारखा सिंह खऱ्या सिंहासारखाच निर्विकार दिसतो, मग त्याच्या दुःखात आम्ही सामील कसे व्हावे, असे चाहते विचारीत होते. दुसरा आक्षेप हेतूविषयीचा. २०१९ च्या आवृत्तीने १६० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला होता, तेव्हा ही पूर्वकथा कलेच्या गरजेतून निघाली की तिजोरीच्या, ही शंका रास्त होती. तिसरा आक्षेप वंशाविषयीचा. मुफासा आणि त्याचा खून करणारा स्कार हे सख्खे भाऊ, असेच प्रेक्षक तीस वर्षे मानीत आले होते. १९९४ मध्येच निघालेल्या एका कथापुस्तकातही ते एकाच राजाचे पुत्र होते. नव्या कथेत मात्र मुफासा हा पुरात आईबापांपासून दुरावलेला पोरका छावा ठरला आणि राजवंशातला खरा राजपुत्र ठरला तो पुढे स्कार होणारा टाका.

यांपैकी पहिले दोन आक्षेप मला मान्य आहेत. चित्रपटाचे दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स यांनी एका टीकाकाराला दिलेले उत्तरही तितकेच प्रामाणिक होते. या कथेत आत्मा नाही असे कसे म्हणता, जगभरची मुले चित्रपटगृहाच्या अंधारात बसून पहिल्यांदा सामूहिक शोक अनुभवतात तो हिच्यामुळेच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मुफासाच्या मृत्यूपाशी रडलेल्या कोणाही मुलाला विचारावे, तो हेच सांगेल.

तिसऱ्या आक्षेपापाशी मात्र थोडे थांबायला हवे. पोरका, परप्रांतातला, कोणत्याही कुळाचा आधार नसलेला एक छावा केवळ आपल्या कर्तृत्वाने आणि इतर प्राण्यांच्या संमतीने राजा होतो, ही गोष्ट लोकशाहीत वाढलेल्या प्रेक्षकांना सुखावेल असे वाटले होते. प्रत्यक्षात पुष्कळांना ती खुपली. आपला लाडका राजा जन्माने राजा नव्हता, हे त्यांना सहन होईना. जातीच्या आणि घराण्यांच्या भारतात तर या वृत्तीची ओळख करून देण्याचे कारण नाही. आपल्या पक्षांमध्येही नेत्याचा मुलगा नेता होतो तेव्हा कार्यकर्त्यांना ते किती स्वाभाविक वाटते! तथापि, कंपनीचे धाडसही अर्धेच होते हे सांगितले पाहिजे. तिने राजाचे कुळ बदलले, सिंहासन होते तेथेच ठेवले. मूळ चित्रपटात सीमेबाहेरच्या अंधारात उपाशी राहणारी तरसे उपाशी का आहेत, याचे उत्तर पूर्वकथेतही मिळत नाही. पूर्वकथा राजाची असते, तरसांची नसते.

कथेची मालकी कोणाची, हा प्रश्न या वादात वारंवार आला. आम्ही तिच्यावर प्रेम केले म्हणून ती आमची, असे चाहते म्हणतात; कायदा म्हणतो ती कंपनीची. या दोघांच्या भांडणात तिसरा एक हक्कदार विसरला जातो. मूळ चित्रपटात झोपी गेलेल्या सिंहाविषयीचे जे जगप्रसिद्ध गाणे गुणगुणले जाते, त्याचा उगम सॉलोमन लिंडा या दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायकाच्या १९३९ सालच्या ध्वनिमुद्रणात आहे. लिंडा १९६२ साली दारिद्र्यात वारले. त्यांच्या मुलींच्या वतीने २००४ मध्ये न्यायालयात दावा दाखल झाला, तेव्हा कोठे २००६ मध्ये तडजोड होऊन त्यांना काही मिळाले. पूर्व आफ्रिकेत कोट्यवधी लोक रोजच्या बोलण्यात वापरतात ते 'हकुना मटाटा' हे स्वाहिली शब्दही कंपनीने आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले आणि त्याविरुद्ध २०१८ साली हजारो लोकांनी सह्या केल्या. ज्या भूमीने कथेला रान, गाणे आणि भाषा पुरवली, तिच्या वाट्याला शेवटी काय आले, हा प्रश्न चाहत्यांच्या आठ महिन्यांच्या वादात फारच थोड्यांनी विचारला.

हा प्रश्न विचारायला चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या माणसाइतका अधिकारी माणूस शोधून सापडणार नाही, कारण त्याच्या स्वतःच्या रानाची कथा नेमकी अशीच सांगितली जात आहे.

ताडोबाच्या वाघांनाही आता चाहते आहेत. वाघांना नावे आहेत, वंशावळी आहेत, त्यांच्या राज्यांच्या सीमा आहेत. वाघडोह नावाचा भव्य नर चेहऱ्यावरच्या जखमांमुळे 'स्कारफेस' म्हणून ओळखला जाई. मे २०२२ मध्ये तो वारला तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. माया वाघीण २०२३ च्या पावसाळ्यात दिसेनाशी झाली तेव्हा दूरदूरच्या शहरांतील माणसे महिनोन् महिने तिची वाट पाहत होती. या शोकाची मी थट्टा करीत नाही. वाघावर प्रेम करणे हा गुन्हा नव्हे, आणि वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावणाऱ्या गावकऱ्याने ते प्रेम शहरवासीयांच्या कितीतरी आधी केले आहे. पण मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या गेटातून जिप्सीत बसून आत जाणाऱ्या पर्यटकाला या रानाची जी कथा ऐकवली जाते, ती बहुधा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले तेथून सुरू होते, १९७३ च्या व्याघ्रप्रकल्पाचा उल्लेख करते आणि वाघांच्या वंशावळीत विसावते. त्याआधीचे काय?

त्याआधी तारू आहे. तारू हा गावाचा प्रमुख होता, तो वाघाशी झुंजताना मारला गेला आणि गोंडांनी त्याला देव मानले, अशी परंपरा आहे. त्याचे ठाणे ताडोबा तळ्याच्या काठी झाडाखाली आहे, पौषात तेथे यात्रा भरत आली आहे, आणि ज्या नावाने हे रान आज जगभर विकले जाते ते नावही त्याचेच आहे. वाघाच्या हातून मेलेल्या माणसाच्या नावाने वाघाचे अभयारण्य ओळखले जावे, याहून अर्थपूर्ण पूर्वकथा कोणत्या कंपनीला सुचली असती? तारूच्या मागून बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव ही गावे येतात. या गावांनी टप्प्याटप्प्याने गाभ्यातील जागा सोडली. तेथील मोहाची झाडे, देवस्थाने आणि स्मशाने मागे राहिली. माणसांच्या हाती प्रतिकुटुंब ठरलेली रक्कम आली, जी २००८ च्या योजनेप्रमाणे १० लाख रुपये होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा स्थलांतरासाठी ग्रामसभेची स्वेच्छेची आणि पूर्ण माहितीवर आधारलेली संमती आवश्यक ठरवली आहे. संमती नावापुरती घेतली गेली की मनापासूनची होती, हे गावागावांत बसून विचारण्यासारखे आहे.

आणि ही पूर्वकथा संपलेली नाही. सीटी-१ या खुणेने ओळखल्या जाणाऱ्या वाघाने वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडाऱ्याच्या परिसरात १३ माणसे मारली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला पकडण्यात आले. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. वाघाला नाव असते, मेलेल्या बाईचा मात्र बातमीत आकडा होतो. शासनाने मृतांच्या वारसांसाठीची मदत २०२३ मध्ये २५ लाख रुपयांपर्यंत वाढवली हे योग्यच झाले. परंतु मे महिन्याच्या उन्हात पुड्यांच्या दरासाठी पहाटे रानात शिरण्यावाचून दुसरा रोजगार त्या बाईला का नव्हता, हा प्रश्न मदतीच्या रकमेने मिटत नाही.

वाघ हवा की माणूस, असा हा वाद मुळीच नाही. तो वाद ज्यांना सोयीचा आहे ते दोन्हीकडून पेटवीत राहतात, आणि तो पेटला की खाणी कोठे निघाल्या, रानाचे तुकडे कोणी पाडले, हे विचारायचे राहून जाते. माझे म्हणणे इतकेच आहे की, रानाची कथा सांगण्याचा अधिकार ज्यांच्या वाट्याला रान आले त्यांच्याकडे असला पाहिजे.

कथा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातले नाते निकोप कसे असते, हे पाहायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. मुफासा पडद्यावर आला त्या डिसेंबरात आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम भरात होता. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी मांडव पडतात, वडशाहून मंडळ्या निघतात आणि हजारो माणसे थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर नाटक पाहतात. या रंगभूमीतील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटक फसले तर प्रेक्षक तेथेच उठतो, आणि पुढच्या वर्षी त्या मंडळीला गाव बोलावीत नाही. येथेही पैसा आहे, भडकपणा आहे. मी त्याला सोवळे ठरवीत नाही. पण नाटक करणारा आणि पाहणारा एकमेकांच्या टप्प्यात असतात. कंपनीच्या चाहत्याला मात्र रागावण्याचे स्वातंत्र्य आहे आणि तिकीट काढण्याचे आहे. याखेरीज तिसरे काहीही नाही. आठ महिने रागावूनही पूर्वकथेने ७० कोटी डॉलरहून अधिक मिळवलेच.

मग करावे काय? काही गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. हा चित्रपट भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या चार भाषांत आला. हिंदीत शाहरुख खान यांचा आवाज, तेलुगूत महेश बाबू यांचा. प्राणहितेच्या काठच्या सिरोंच्यातील तेलुगू बोलणाऱ्या मुलाला मुफासा आपल्या घरच्या भाषेत ऐकण्याची सोय झाली. गडचिरोलीच्या मराठी मुलाला ती नाही, आणि माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचा तर विचारही कोणाच्या मनात आला नसेल. नफ्यावर चालणाऱ्या कंपनीकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही, परंतु शासनाकडून ठेवता येते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहण्याऐवजी शिक्षणखात्याने तिला अनधिकृत ठरवले. भाषेच्या बाबतीत आपल्या राज्याची वृत्ती ही अशी आहे. आंतरभारतीचा वारसा सांगणाऱ्यांनी मुलांच्या चित्रपटांसाठी, पुस्तकांसाठी आणि शाळांसाठी या भाषांचा आग्रह धरला पाहिजे.

दुसरी गोष्ट ताडोबाच्या गेटावर करता येईल. पर्यटकांना तारूची आणि उठून गेलेल्या गावांची कथा सांगितली जावी. ती काय असावी हे त्या त्या गावांच्या ग्रामसभांनी ठरवावे, आणि या रानाच्या उत्पन्नातील त्यांचा वाटा कृपा म्हणून न देता हक्क म्हणून द्यावा. ग्रामसभांना हे झेपेल काय, असे विचारणाऱ्यांनी मेंढा (लेखा) पाहून यावे. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ पासून बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभा स्वतः देऊ लागली, आणि रान काही बुडाले नाही.

मुफासाच्या चाहत्यांना मी दोष देत नाही. आपल्या प्रिय कथेच्या उगमाशी कोणी खेळ केला तर रागवावे, ही निरोगी वृत्ती आहे. ती वृत्ती आपल्या रानाच्या कथेसाठीही जागी व्हावी, एवढीच इच्छा आहे. पुढच्या पौषात ताडोबाला जाणाऱ्या वाचकांनी वाघ दिसो वा न दिसो, बरोबरच्या वाटाड्याला तारू कोण होता ते विचारावे. त्याला सांगता आले तर ऐकावे; आणि वेळेअभावी किंवा नियमाअभावी सांगता आले नाही, तर तसे वनखात्याला लिहून कळवावे.