आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

हापूसचा हंगाम आटोपला आणि पाऊस तोंडावर आला. बागायतदारांच्या हाती आता कोयता आणि करवत आली असेल. वाळकी फांदी तोडायची, दाटी कमी करायची आणि मुख्य म्हणजे बांडगूळ काढायचं, याचे हे दिवस. नेमक्या याच दिवसांत जुन्या आंब्यांवर सीतेची वेणी फुललेली असते, आणि दर वर्षी बांडगुळाबरोबर तीही खाली येते. दुसरीकडे घाटाच्या वळणावर किंवा बाजाराच्या तोंडाशी कुणीतरी अशीच रानातून ओरबाडलेली रोपं जुड्या बांधून विकत असतो. घरी लावू म्हणून आपण ती हौसेने घेतो, मातीच्या कुंडीत दाबून बसवतो, रोज तांब्याभर पाणी घालतो आणि दिवाळीच्या आत फेकून देतो.

एकीकडे बागायतदार तिला झाडाचा रस पिणारी समजतो, दुसरीकडे हौशी माणूस तिला मातीत वाढणारी समजतो. दोघांची चूक एकच. आमरी, म्हणजे ऑर्किड, कशावर जगते हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

यात मी स्वतःला वगळत नाही. नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका वाडीत बांडगूळ नियंत्रणाचं प्रात्यक्षिक होतं. पदविकेला आम्हांला बांडगूळ नीट शिकवलं होतं, आमरीचा मात्र एक तासही झाला नव्हता. जुन्या रायवळ आंब्यावर जे जे म्हणून हिरवं चिकटलेलं दिसलं ते सगळं मी साफ करायला लावलं. घरची म्हातारी पडवीतून बघत होती. ती खाली आली आणि म्हणाली, "साहेबांनू, ता बांडगूळ न्हय. सीतेची वेणी ती." मी हसून म्हटलं, "काकी, जे झाडावर वाढतं ते झाडाचं खातं." माणसं चढलेली होती, काम झालं. खाली जी रास पडली तिच्यात हातभर लांबीचे, पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेले सात-आठ तुरे होते. म्हातारीने त्यातला एक उचलला, देवाच्या खोलीत नेऊन ठेवला आणि पुढे एक शब्द बोलली नाही. मला माझी चूक कळायला वर्ष गेलं, तेही दुसऱ्याच एका कामासाठी पुस्तक उघडलं म्हणून.

तर आधी ओळख. बांडगुळाचं फळ चिकट असतं. फुलटोच्यासारखे चिमुकले पक्षी ते खातात आणि बी फांदीला चिकटवून जातात. बी रुजलं की त्याचं शोषकमूळ साल फोडून लाकडात शिरतं आणि तिथे गाठ येते. गाठीच्या पुढची फांदी हळूहळू रोडावते. म्हणून बांडगूळ नुसतं खुडून भागत नाही, गाठीच्या खाली फूट-दीड फुटावर फांदीच कापावी लागते. आमरीचं तसं नाही. तिची मुळं जाड दोरीसारखी, पांढुरकी, सालीवर पसरलेली असतात. नखाने एक मूळ हलकेच उचलून पाहा. ते सालीवरून सुटून येतं आणि खाली लाकूड जसंच्या तसं असतं. फांदीला गाठ नाही, जखम नाही. ती फांदीवर फक्त बसते. सालीवरून ओघळणारं पावसाचं पाणी, हवेतला दमटपणा, कुजलेल्या पानांचा चुरा, पक्ष्यांची शीट यांवर तिचा संसार चालतो. आंब्याचं ती काही खात नाही.

त्या पांढुरक्या मुळांवरच घरच्या आमरीची सगळी निगा अवलंबून आहे. मुळाभोवती स्पंजासारखं एक आवरण असतं. कोरडं असलं की ते रुपेरी दिसतं, पाणी प्यालं की क्षणात हिरवट होतं. हे आवरण भराभर पाणी शोषतं, पण नंतर त्याला वारा लागतो. वारा नाही मिळाला की मूळ कुजतं. रानातल्या आंब्यावर चार महिने धो धो पाऊस खाऊनही आमरी मरत नाही, कारण पाणी ओघळून जातं आणि उघडीप मिळाली की वारा मुळं सुकवतो. मातीच्या कुंडीत तेच पाणी अडकून राहतं आणि आठ-पंधरा दिवसांत मुळांचा काला होतो. वर पानं हिरवी दिसतात, म्हणून आपण आणखी पाणी घालतो.

तेव्हा माती नको. कुंडी मातीची चालेल, पण तिला बाजूंनीही भोकं हवीत. आत अंगठ्याएवढे लाकडी कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणांचे तुकडे भरावेत. कोळसा धुऊन घ्या. सोडण आधी तीन-चार दिवस पाण्यात भिजत ठेवा आणि लाल पाणी रोज फेका, नाहीतर त्यातला तुरटपणा कोवळ्या मुळांना जाळतो. आपल्या कोकणात सोडणं जळणाला जातात, त्यामुळे या बाबतीत तरी खर्च नाही. शेणखत घालू नका. शेतात ते सोनं असलं तरी इथे ते फटी बुजवतं.

पाणी सकाळी घालायचं, आणि तेसुद्धा मुळांचा रंग बघून. रुपेरी दिसली तर घाला, हिरवट दिसली तर थांबा. पावसाळ्यात विकतच्या आमरीची कुंडी पागोळीखाली ठेवू नका. पडवीत, वारा खेळेल अशा जागी टांगा. ऊन सकाळचं चालतं, दुपारचं नको. डेंड्रोबियमला पन्नास टक्के सावलीची जाळी किंवा माडाची विरळ सावली मानवते. उजेड पुरतो की नाही ते पान सांगतं. गर्द हिरवं पान म्हणजे उजेड कमी, अशा झाडाला पानं येतील पण फूल येणार नाही. पोपटी पान म्हणजे ठीक. पान पिवळं पडून काळे डाग आले तर ऊन जास्त झालं. खत म्हणाल तर वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम फवारावं. जास्त घालून जास्त फुलं येत नाहीत, मुळांची टोकं जळतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यापायी फार झाडं उकिरड्यावर जातात. आपल्या रानातली पांढऱ्या फुलांची डेंड्रोबियम पावसाळा सरला की पानं गाळते. उरतात नुसत्या काटक्या. माणूस म्हणतो, मेली. पण त्या काटक्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, आणि हिवाळ्याच्या शेवटी त्याच उघड्या काटक्यांवर फुलांचे घोस येतात. त्या दिवसांत तिला पाणी कमी हवं असतं. संकरित डेंड्रोबियमच्याही जुन्या, बिनपानांच्या कांड्या सुरकुतून वाळेपर्यंत कापू नयेत. त्यांच्या डोळ्यांवर कधी कधी पिल्लं फुटतात. पिल्लाची मुळं दोन-तीन इंच झाली की वेगळी लावावीत. शेजारणीला द्यायला याहून चांगली भेट नाही.

किडींचं थोडक्यात. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढावी. गोगलगाई रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात, त्या कोवळी मुळं खातात. पानाचा किंवा मुळाचा कुजका भाग विस्तवावर धरलेल्या सुरीने कापून जखमेवर दालचिनीची पूड लावावी आणि चार दिवस पाणी तोडावं.

आता रोप कुठून आणायचं? रानातून नाही. राखीव जंगलातून परवानगीशिवाय रोप काढणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षाही मोठं कारण आमरीच्या बियांत आहे. तिच्या एका बोंडात लाखो बिया असतात, पिठासारख्या बारीक. त्यांत अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशी भेटली तरच बी रुजतं, आणि रुजल्यावर फुलायला काही वर्षं जातात. म्हणजे सालीवरून ओढून काढलेल्या एका रोपाच्या जागी दुसरं सहज येत नाही. अमेरिकेतल्या लुईस नड्सन यांनी १९२२ साली ही बी बुरशीशिवाय, बाटलीतल्या साखर-क्षारांच्या खाद्यावर रुजवून दाखवली. आज रोपवाटिकांत जी डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस मिळते ती प्रयोगशाळेतूनच येते. ती घ्या. घेताना मुळं तपासा, विकणाऱ्याला विचारा. जुडी बांधलेली असेल, मुळं तुटलेली असतील आणि त्यांना सालीचे कपचे चिकटलेले असतील, तर ते रोप रानातलं. ते घेऊ नका, आपण घेणं थांबवलं तरच काढणारा थांबेल. पुण्या-मुंबईहून भेट आलेली फॅलेनॉप्सिस बहुधा शेवाळात गच्च बसवलेली असते. आपल्या दमट हवेत ते शेवाळ सुकतच नाही. फुलं गळली की तिला कोळशात हलवा, सावली थोडी जास्त द्या आणि पानांच्या मधोमध पाणी साचू देऊ नका.

आपली रानआमरी घरी असावी असं वाटत असेल तर त्यालाही वाट आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आपल्या किनाऱ्यावर आंबे उन्मळून पडले. त्यांच्या फांद्यांवर सीतेची वेणी फुललेली होती. बहुतेकांनी फांद्या तोडून जळणाला लावल्या. एका घरात मात्र बायकांनी मुळं न तोडता, सालीसकट रोपं काढली आणि परसातल्या फणसाला सुंभाने बांधली. आपल्या मालकीचं झाड पडलं, जुन्या कलमाची छाटणी केली, घराच्या कामासाठी फांदी उतरवली, तर एवढं जरूर करा. खरखरीत सालीचं झाड निवडा, पूर्वेची बाजू बघा, काथ्याने किंवा सुती चिंधीने बांधा. तांब्याची तार वापरू नका. मुळं सालीला शेवाळाने झाकू नका. पाऊस सुरू होताना बांधलेलं रोप पावसाळाभरात मुळं धरतं, मग दोरी सोडता येते.

आणि आम्हां विस्तारवाल्यांनाही एक सांगणं आहे. बांडगूळ नियंत्रणाचं प्रात्यक्षिक घेताना एका हातात बांडगुळाची गाठ आलेली फांदी धरा आणि दुसऱ्या हाताने सालीवरचं आमरीचं मूळ दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. माणूस झाडावर चढण्याआधी ते व्हायला हवं.

त्या वाडीत मी पुढे पुन्हा गेलो. म्हातारीला सांगितलं, "काकी, तुमचंच खरं होतं." ती म्हणाली, "म्हायत हा." मग मला मागच्या दारी घेऊन गेली. त्या दिवशीच्या राशीतली दोन रोपं तिने संध्याकाळी उचलून नारळीला बांधली होती. एक गेलं. दुसऱ्याला पाच पानं होती आणि तळाशी नवं मूळ सुटलं होतं, टोकाला हिरवं.