Explainer : कारमागे कॅराव्हॅन जोडून मुठा घाट उतरता येईल का? गाडी आणि हुक निवडताना काय पाहावे?

पिरंगुटहून लवासाकडे निघालात की मुठा घाट लागतो. घाट उतरल्यावर मुठा गाव आणि पुढे टेमघर धरण. वीकेंडला मुक्कामासाठी स्वतःचे 'घर' कारमागे जोडून इथे यावे, असे अनेकांना वाटते. राज्याच्या २०२१च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणातही टेंट ट्रेलर, कॅम्पर ट्रेलर या प्रकारांचा उल्लेख आहे. पण आपली कार ते ओढू शकते का?

ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड

बहुतेक जण इंजिनाची ताकद पाहतात. खरी परीक्षा उतारावर होते. दहास एक अशा उतारावर १००० किलोचा ट्रेलर कारला सुमारे १०० किलोच्या जोराने सतत पुढे ढकलतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर हा सगळा भार कारच्या ब्रेकवर येतो. ते तापले की पकड कमी होते. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ब्रेक असले तरी घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

कोणती गाडी?

आधी गाडीची पुस्तिका उघडा. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक कारच्या पुस्तिकेत टोइंगचा आकडाच नसतो. तो नसेल, तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. परदेशातील आकडा जसाच्या तसा धरू नका. टोयोटा हायलक्सला ब्रिटनमध्ये ३५०० किलोंपर्यंत मुभा आहे, पण ती ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी.

स्कॉर्पिओ-एन, थार, फॉर्च्युनर यांना वेगळी चासी असते. त्यामुळे हुकला भक्कम आधार मिळतो. क्रेटासारख्या मोनोकॉक गाडीत हुक कुठे बसवायचा, हे कंपनीनेच सांगितलेले असावे.

हुक कसा हवा?

पुण्यात अनेक कारच्या मागे गोळ्याचा हुक दिसतो. तो बहुधा बंपर वाचवण्यासाठी किंवा शोभेसाठी असतो. ट्रेलरसाठी हुक चासीला बोल्टने घट्ट बसवलेला हवा आणि त्यावर वजनमर्यादा कोरलेली हवी. गोळा आणि कपलर एकाच मापाचे हवेत. ५० मिमी हे प्रचलित माप आहे. शिवाय सुरक्षा साखळी आणि ब्रेकलाइट-इंडिकेटरची वायर जोडणीही हवी.

सामान कुठे ठेवायचे?

हुकवर भार कमी पडला, तर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलू लागतो. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर ठेवतात, युरोपात ५ ते ७ टक्के. म्हणून जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे, तळाशी ठेवा. आणि कोऱ्या ट्रेलरचे नव्हे, भरलेल्या ट्रेलरचे वजन मोजा. ६० लिटर पाणी म्हणजेच ६० किलो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि त्याची नोंदणी लागते. ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर टी-१ गटात, त्यापुढे ३५०० किलोंपर्यंतचा टी-२ गटात येतो. गॅरेजमध्ये बनवून घेतलेल्या ट्रेलरची नोंदणी होईल का, हे पैसे देण्याआधी आरटीओत विचारा. कार आणि ट्रेलर दोन्ही विम्यात येतात का, तेही तपासा.

थोडक्यात

आधी कारची मर्यादा, मग त्यात बसणारा ट्रेलर आणि शेवटी हुक, याच क्रमाने निवड करा. ट्रेलर आधी घेतला, तर चूक घाटातच कळेल.