जाहिरातींची गाळणी : घराच्या वायफायवर की ब्राउझरमध्ये?

मागील महिन्यात चिखली तालुक्यातील एक बहात्तर वर्षांचे शेतकरी मुलासोबत दवाखान्यात आले. तहान भागत नव्हती, रात्री वारंवार लघवीला उठावे लागत होते, वजनही उतरले होते. रक्तातील साखर 412 निघाली. बारा वर्षे नेमाने गोळ्या घेणारा हा रुग्ण! कारण विचारले तेव्हा काका संकोचून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोळ्या वीस दिवसांपासून बंद आहेत. मोबाईलवरून चूर्ण मागवलं होतं."

सोयाबीनचे भाव पाहताना पडद्यावर जाहिरात आली होती. ती बंद करण्यासाठी फुली दाबली, तर अर्जच उघडला. नाव व क्रमांक भरताच दुसऱ्या दिवसापासून गोड आवाजातील फोन सुरू झाले. काकांना बुलढाण्याला दाखल करावे लागले. ते चार दिवसांनी सुखरूप परतले. मुलाला मात्र आश्चर्य वाटत होते. "घरच्या वायफायवर मी जाहिराती अडवण्याची सोय करून दिली होती," तो म्हणाला. काका दिवसभर शेतात असतात आणि तेथे मोबाईल स्वतःच्या डेटावर चालतो, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, मोतीबिंदू यांसारखे विकार औषधाने बरे होतात अशी जाहिरात करण्यास 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यासंबंधीच्या कायद्याने मनाई आहे. परंतु कायद्याचा हात पोहोचण्यापूर्वी जाहिरात वृद्धांच्या तळहातावर पोहोचलेली असते. म्हणून गाळणी आपणच बसवावी. प्रश्न एवढाच, की ती कुठे बसवावी?

पाण्याचे उदाहरण घेऊ. गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की प्रत्येक घरी शुद्ध पाणी जाते. घरच्या वायफायच्या राउटरवरील गाळणी अशीच असते. कोणतेही पान उघडताना मोबाईल आधी त्या संकेतस्थळाचा पत्ता विचारतो. पत्ता सांगणाऱ्या या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. पाय-होल किंवा अ‍ॅडगार्डसारखी गाळणारी व्यवस्था जाहिरातदारांचा पत्ता देतच नाही. घरातील टीव्हीसह सर्व उपकरणांना एकाच वेळी संरक्षण मिळते. वृद्धांना काहीही करावे लागत नाही. पण परगावी गेलो, की आपल्या विहिरीचे पाणी सोबत येत नाही.

ब्राउझरमधील गाळणी ही घरातल्या फिल्टरसारखी. अँड्रॉइड मोबाईलवर फायरफॉक्स ब्राउझर घेऊन त्यात यूब्लॉक ओरिजिन हे विनामूल्य साधन जोडता येते. ते पानाच्या आत शिरून जाहिरात काढते, त्यामुळे गाळण अधिक बारीक होते, आणि शेतात, एसटीत, कुठेही काम करते. उणीव अशी, की ते केवळ त्या ब्राउझरपुरते असते. इतर अ‍ॅपमधील जाहिराती तशाच राहतात.

ज्यांच्याकडे एकच मोबाईल असून तो बहुतेक वेळ डेटावर चालतो, त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. अँड्रॉइड 9 व त्यापुढील मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'खाजगी डीएनएस' असा पर्याय असतो. तेथे गाळणाऱ्या सेवेचे नाव भरले, की वायफाय असो वा डेटा, संपूर्ण मोबाईलला संरक्षण मिळते. हे काम मुला-नातवंडांनी करावे; नाव चुकल्यास इंटरनेटच बंद पडते. आपण भेट देतो त्या संकेतस्थळांची नावे त्या सेवेला कळू शकतात, म्हणून सेवा विश्वासाचीच निवडावी. बँकेचे किंवा तपासणी अहवालाचे पान उघडेनासे झाले, तर गाळणी तात्पुरती कशी बंद करावी व पुन्हा कशी सुरू करावी, हेही कागदावर लिहून ठेवावे.

माझा सल्ला असा : घरी वायफाय व टीव्ही असल्यास राउटरवर गाळणी बसवावी, पण घरातील ज्येष्ठ बाहेर मोबाईल वापरत असल्यास त्यांच्या मोबाईलवर खाजगी डीएनएस आणि ब्राउझरमधील गाळणी, दोन्ही असाव्यात. निवड करण्यापूर्वी ते मोबाईल कुठे व कशासाठी पाहतात, हे त्यांनाच विचारावे.

गाळणीलाही मर्यादा आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला संदेश ती अडवत नाही. यूट्यूबच्या अ‍ॅपमधील जाहिराती डीएनएसच्या गाळणीतून बहुधा निसटतात, कारण व्हिडिओ व जाहिरात एकाच ठिकाणाहून येतात. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे.

काकांच्या मोबाईलवर आता दोन्ही गाळण्या आहेत. त्यांच्या गोळ्यांच्या डब्यावर मी एक ओळ लिहून दिली आहे : 'विचारल्याशिवाय गोळी बंद नाही.' वाचकहो, ती ओळ आपल्याही डब्यावर लिहावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी अशी चूक कबूल केली, तर त्यांना रागावू नये. रागावण्याच्या भीतीनेच काकांनी वीस दिवस कुणाला काही सांगितले नव्हते.