निष्क्रिय खाते आणि दुकानाचे संकेतस्थळ



बँकेच्या सेवेत असताना दर वर्षी एक यादी माझ्या टेबलावर येत असे. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केलेला नाही, अशा खात्यांची ती यादी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे खाते ‘निष्क्रिय’ ठरते. मधल्या काळात बँकेने बचत खात्यावर व्याज जमा केले किंवा शुल्क कापले, तरी ती हालचाल धरली जात नाही. व्यवहार खातेदारानेच करावा लागतो.

ही यादी अलीकडे पुन्हा आठवली, ती नेरूळमधल्या एका सुकामेव्याच्या दुकानात. दुकानाचे मूळ मालक माझे जुने स्नेही. दोन वर्षांपूर्वी ते निवर्तले. आता मुलगा आणि सूनबाई व्यवसाय पाहतात. मुलगा म्हणाला, “काका, पूर्वी गूगलवर शोधले की आपले दुकान वर दिसायचे. आता कुठल्या कुठे खाली गेले. संकेतस्थळाचा खर्च वायाच गेला म्हणायचा का?” मी म्हटले, “आधी ते ग्राहकाच्या नजरेने वाचू या.”

वाचले. बदाम-पिस्त्यांच्या दरापुढे ‘जीएसटी १२ टक्के’ असे छापलेले होते. प्रत्यक्षात २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. घरपोच सेवा ‘सीवूड्स व बेलापूरपर्यंत’ अशी नोंद होती. पण नेरूळची लोकल जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते आणि सूनबाई उलव्यालाही नियमित माल पाठवतात. उलव्याचा उल्लेख पानावर कोठेही नाही; मग तेथील गृहिणीने शोधले तरी हे दुकान तिला दिसावे कसे? शेवटी संपर्काचा क्रमांक पाहिला. तो माझ्या स्नेह्यांचाच होता. तेथेच बसून मी तो लावला. क्रमांक बंद होता. उलव्याच्या एका कुटुंबाने लग्नासाठी सुकामेव्याचे दीडशे डबे मागवायला याच क्रमांकावर दोनदा प्रयत्न केला आणि अखेर दुसरीकडून माल घेतला, हे सूनबाईंना मागाहून नात्यातून कळले होते.

मुलगा हळूच म्हणाला, “पप्पांचा नंबर काढायला हात धजावत नव्हता.”

सर्च इंजिनचे काम थोडक्यात असे असते. त्याचा प्रोग्राम पाने वाचतो, त्यांची नोंद ठेवतो आणि पुन्हा पुन्हा फेरी मारतो. जे पान खरोखर बदलत राहते तेथे त्याची फेरी लवकर होते. जे वर्षानुवर्षे तसेच पडून असते तेथे क्वचित. मात्र प्रत्येक शोधाला ताजेपणा सारखाच लागत नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने ताज्या मजकुराला अधिक वजन देणारा बदल जाहीर केला, तेव्हा सुमारे ३५ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असे सांगितले होते. म्हणजे सरसकट सर्वांवर नव्हे. ‘आजचा बदामाचा भाव’ शोधणाऱ्याला आजचेच पान हवे. ‘बदाम पावसाळ्यात कसे टिकवावेत’ हे शोधणाऱ्याला पाच वर्षांपूर्वीचे चांगले पानही चालते.

म्हणून मजकूर न बदलता केवळ तारीख बदलण्याचा मोह टाळावा. मजकुरात विशेष फरक न करता पान ताजे भासवण्यासाठी तारीख बदलू नये, असे गूगलच्या मार्गदर्शनातही आहे. ती क्लृप्ती म्हणजे बँकेनेच जमा केलेले व्याज. त्याने खाते सक्रिय होत नाही. तसेच जुनी चांगली पाने केवळ जुनी म्हणून पुसू नयेत. पत्ता बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर आपोआप नेणारी सोय करून घ्यावी. मशीद बंदरचा घाऊक बाजार वाशीला आला, तेव्हा जुन्या पेढीच्या दारावर नवा पत्ता लावणारा व्यापारीच शहाणा ठरला.

आपण महिनाअखेरीस बँकेच्या पासबुकाशी रोजमेळ ताडून पाहतो. त्याच दिवशी पंधरा मिनिटे संकेतस्थळालाही द्यावीत. दूरध्वनी लागतो का? दर व कर आजचे आहेत का? संवत्सरीला किंवा दिवाळीत दुकान बंद असेल, तर गूगलवरील दुकानाच्या नोंदीत त्या दिवसांची विशेष वेळ भरली आहे का? आणि या महिन्यात गल्ल्यावर ग्राहकांनी वारंवार विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर आपल्या शब्दांत लिहावे. एवढ्याने पहिला क्रमांक मिळेलच असे नाही. स्पर्धा, अंतर, ग्राहकांचे अभिप्राय हेही पाहिले जाते. पण आलेला ग्राहक बंद क्रमांकावरून परत जाणार नाही.

त्या दुकानाच्या पानावर आता सूनबाईंचा क्रमांक आहे, नवा कर आहे, उलवे आणि उरणही आहे. ‘आमच्याविषयी’ या पानावर माझ्या स्नेह्यांचे छायाचित्र व दुकान सुरू केल्याचे वर्ष आहे. ते पान दर महिन्याला बदलण्याची गरज नाही, हे ऐकून मुलाला बरे वाटले.

आज रात्री दुकान वाढवल्यावर आपापल्या दुकानाचे पान उघडावे आणि त्यावरचा क्रमांक एकदा लावून पाहावा.