कुंभारीच्या वर्गात ‘रणांगण’ वाचा

सोलापूरजवळच्या कुंभारीत मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि तिथल्या कामगार वस्त्यांमधल्या, म्हणजे गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या, रे नगरमधल्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचा. अभ्यासक्रमात नसली तरी वाचा.

१९३९ साली आलेली ही छोटी कादंबरी युद्धाची आहे, पण तिच्यात तोफा धडाडत नाहीत. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून देशोधडीला लागलेले ज्यू आणि मायदेशी परतणारा चक्रधर. हॅर्टा ही ज्यू तरुणी त्याच्यावर जीव जडवते. मुंबई आली की तो उतरतो. तिला उतरायला देशच नाही, म्हणून ती पुढे चीनच्या वाटेला लागते.

त्याच मुंबईहून सप्टेंबर १९३८मध्ये आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला निघाले होते. जपानी आक्रमणातल्या जखमींवर उपचार करायला पाच भारतीय डॉक्टर गेले. चौघे परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ला तिथंच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी.

चक्रधर आणि कोटणीस हे दोघे तरुण मुलांपुढे शेजारी ठेवा. पण चक्रधरला भेकड ठरवून मोकळे होऊ नका. आपल्यातले बहुतेक जण त्याच्यासारखेच मुंबईला उतरले असते, आणि हे मुलांनी स्वतः बोलून दाखवलं, तर तो तास सार्थकी लागला असं मी म्हणेन.

माणसानं आपली निवड स्वतःच करायची, हाच अस्तित्ववादाचा प्रश्न; पण अस्तित्ववाद म्हटलं की शिक्षकही बिचकतात. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रनं १९४५च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. भाऊ युद्धात मारला गेलेला, घरी आईला आधार या मुलाचाच. इंग्लंडला जाऊन लढणाऱ्यांना मिळावं की आईपाशी राहावं? सार्त्रनं त्याला सांगितलं, तू मोकळा आहेस, तुझं तूच ठरव. विड्या वळून घर चालवणाऱ्या आईची मुलगी बारावीनंतर पुण्याला जावं की नाही या विचारात असेल, तर तिला हा पेच फोड करून सांगावा लागणार नाही. तिच्यापुढे तो रोज उभा आहे.

रोज थोडी पानं मोठ्यानं वाचा. गाईड नको, मार्क नकोत. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं अडली, तर त्यांना आपल्या भाषेत बोलू द्या. वर्गात कुणीतरी मराठीत सांगेलच. पुस्तक संपल्यावर सोलापुरातलं कोटणीसांचं स्मारक दाखवून आणा.

आईवडिलांनो, असल्या वाचनानं पोर उदास होईल ही तुमची भीती मला कळते. कादंबरीत क्रौर्य आहे, मरण आहे. म्हणून शिक्षकांनी ती आधी स्वतः पूर्ण वाचावी, आणि ज्याच्या घरी नुकतंच दुःख झालंय त्या मुलाशी वेगळं बोलावं. मुलगी घरी येऊन गप्प बसली, तर पुस्तक काढून घेऊ नका. विड्या वळता वळता तिला विचारा, हॅर्टाचं पुढं काय झालं?